काखेत कळसा, गावाला वळसा

समजा, घरगुती डबे पुरवणाऱ्या एका गृहिणीचा हिशेब संगणकावर ‘डबे’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. त्याच्या पोटात ‘कामे’ हा फोल्डर, आणि त्यात भाच्याने लिहून दिलेली स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजमधल्या पॉवरशेलने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाईल. ती चालवली की ‘डबे’मधल्या जुन्या फायली पुसल्या जातात.

रोज हाताने चालवताना सारे सुरळीत होते. पण तीच स्क्रिप्ट वेळापत्रकावर लावली, की ती बहुधा विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये उभी राहून काम सुरू करते. तिथे ‘एक पायरी वर जाऊन फायली पुस’ ही आज्ञा भलत्याच घरात पाळली जाईल! ‘डावीकडचा डबा रिकामा करा’ अशी चिठ्ठी शेजारणीच्या स्वयंपाकघरात वाचावी, तसाच हा प्रकार.

स्क्रिप्ट ठेवली आहे ती जागा आणि ती उभी आहे ती जागा, या दोन गोष्टी वेगळ्या. पहिल्या जागेचा पत्ता स्क्रिप्टपाशीच असतो. डॉलरचे चिन्ह आणि त्याला जोडून ‘पीएसस्क्रिप्टरूट’ असे रोमन अक्षरांत लिहिले, की ‘कामे’चा पूर्ण पत्ता मिळतो. ही सोय २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक स्क्रिप्टला आहे. तो पत्ता ‘स्प्लिट-पाथ’ या आज्ञेला ‘पेरेंट’ या पर्यायासह दिला, की एक पायरी वरचा, ‘डबे’चा पत्ता हाती येतो. जुन्या पद्धतीच्या बॅच फाईलमध्ये पहिले काम टक्क्याचे चिन्ह, नागमोडी रेघ, डी, पी आणि शून्य एवढ्याने होते.

एक सावधगिरी मात्र हवी. स्क्रिप्टमधली ओळ उचलून थेट पॉवरशेलच्या खिडकीत टंकली, तर तिथे फाईलच नसल्याने हा पत्ता रिकामा राहतो. त्याला पुढे फोल्डरचे नाव जोडले, तर शोध थेट ड्राइव्हच्या मुळापासून सुरू होतो. म्हणून पत्ता रिकामा असेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावे, अशी अट आधी घालावी. पुसण्याच्या आज्ञेला प्रथम ‘व्हॉटइफ’ हा पर्याय जोडावा. मग काय पुसले जाईल ते पडद्यावर दिसते, पुसले काहीच जात नाही. यादी डोळ्यांखालून घालावी, आणि मगच तो पर्याय काढावा.

वर्षाचा हिशेब गमावण्यापेक्षा या दोन ओळी केव्हाही स्वस्त!