झोळीची दोरी कडक नको

घडीच्या लोखंडी स्टँडवर झोळी बांधण्याविषयी एक मत हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं: नायलॉनची दोरी घ्या, तुटली तर मिळेल ती गाठ मारून जोडा, सरकली तर वर आणखी एक मारा, आणि झोळी तारेसारखी ताणा, कडक म्हणजे पक्की. शिवाय सोलापूर हे विणकरांचं गाव, इथल्या माणसाला गाठ काय शिकवता, हा वरून टोला. यातलं एकही विधान तपासलेलं नाही. अशा झोळीत माणूस निजतो, तान्हं मूल निजतं, म्हणून ते सोडून देता येत नाही.

आधी ताणाचं बघू, कारण खरा अनर्थ तिथे आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीला कडकपणा शोभतो. झोळीत मात्र माणसाचं सगळं वजन मधोमध लोंबतं. ते पेलायला दोरी तिरकी उतरावी लागते. ती जितकी आडवी, तितका तिच्यावरचा ओढा जास्त. 70 किलोचा माणूस निजला आणि दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांत असली, तर प्रत्येक बाजूला 70 किलोंचा ओढा येतो. 10 अंशांवर तोच 200 किलोंच्या घरात जातो, 5 अंशांवर 400 च्या. माणूस तोच, दोरी तीच, फक्त हौसेने ताणलेली! झाडाने हे सोसलं असतं. सुट्या स्टँडचे पाय जमिनीत पुरलेले नसतात. ओढा दोन्ही टोकं आत खेचतो, नळी वाकते, बिजागरीच्या बोल्टवर जोर येतो. सैल बांधली तर पाठ जमिनीला टेकते, असा आक्षेप येईल. टेकते, कारण नायलॉन भाराखाली लांबतं. त्यावर इलाज टांगायची जागा उंच घेण्याचा किंवा कमी लांबणारी पॉलिएस्टरची दोरी वापरण्याचा आहे, करकचून ताणण्याचा नाही.

गाठीने दोरीची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने घटते. गाठीवर गाठ मारून ती परत येत नाही. विणकरांचा दाखला तर उलटाच पडतो. मागावर तुटलेला ताणा सांधणारी विणकर गाठ सुतात बसते, कारण सुताला लव असते, धागा धाग्याला धरतो. गुळगुळीत नायलॉनमध्ये तीच गाठ ढिली पडली की सरकते. तिला दुसरा वेढा आणि लांब शेपूट लागतं. सुंभ बरा की नायलॉन, हा जुना वादही इथे उकरला जातो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. नायलॉनचा पीळ कापल्याबरोबर उलगडतो, म्हणून टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करावं लागतं. तेवढ्याने नायलॉन टाकाऊ ठरत नाही, ते सुंभासारखं कुजत नाही. पण सोलापूरच्या उन्हात महिनोन्‌महिने टांगलेली दोरी ठिसूळ होते, ती बदलावीच.

मग करावं काय? तीन पदरी पिळाची दोरी गाठीऐवजी पदर एकमेकांत विणून जोडावी: सुंभाला 3 विणी पुरत, नायलॉनला निदान 5 हव्यात. गोफासारख्या विणीची दोरी तुटली तर नवीच घ्यावी. उंची कमीजास्त करायला साखळी आणि कडी ठेवावी. आणि मूल निजवण्याआधी झोळीत ज्वारीचं पोतं रात्रभर टांगून ठेवा. सकाळी जोड सरकलाय का, ते बोटांनी चाचपा.