दहा वेळा ‘शाळत’

शेजारची तिसरीतली मुलगी संध्याकाळी आमच्या जिन्यात अभ्यासाला बसते. परवा तिला ‘मी रोज शाळेत जाते’ हे वाक्य दहा वेळा लिहायचं होतं. तिने समासालगत एकाखाली एक दहा ‘मी’ काढले, मग ‘रोज’ची रांग, मग ‘शाळत’ची, शेवटी ‘जाते’ची. होय, ‘शाळत’. पहिल्या ओळीत राहिलेली मात्रा दहाही ओळींत राहिली. म्हटलं, “अगं, वाक्य असं लिहितात का?” “काका, असं भराभर होतं!” दुसऱ्या दिवशी त्या पानावर लाल पेनाची ऐसपैस बरोबरची खूण, खाली सही आणि तारीख.

गृहपाठ बंदच करा म्हणणारे हे पान पुरावा म्हणून नाचवतील. त्यांचा लाडका दाखला फिनलंडचा: तिकडे म्हणे गृहपाठच नसतो. असतो. २०१२च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वेळी तिथली पंधरा वर्षांची मुलं आठवड्याला सरासरी २.८ तास गृहपाठ करत होती. शांघायमधली सुमारे १४ तास. गुणांत दोन्हीकडची मुलं सरासरीच्या बरीच वर. म्हणजे नुसते तास मोजून काही ठरत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा वजनदार आहे. घरी शिकवणारं कुणी नसेल, बसायला कोपरा नसेल, त्या मुलाने काय करायचं? खरंच आहे. पण गृहपाठ उठवला तर खात्यापित्या घरचं मूल शिकवणीला जाईल. ऊसतोड करणाऱ्याच्या मुलाला मात्र संध्याकाळी वही उघडायचं कारणच उरणार नाही. त्याला एकट्याला जमेल एवढाच गृहपाठ द्या, हा त्यावरचा उपाय.

आता समोरची बाजू. ‘आम्ही पाढे घोकले, आमचं काही बिघडलं का?’ नाही बिघडलं. पण तो परवचा होता, तोंडी. ‘सात सक अठ्ठेचाळीस’ म्हटलं की माजघरातून आजीचा आवाज यायचा, “बेचाळीस!” कुणीतरी ऐकत होतं. आजच्या वहीचं तेवढंच नेमकं राहून गेलं आहे.

प्राथमिक वर्गांत गृहपाठ नको, असं यशपाल समितीने १९९३ सालीच सांगितलं होतं. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर २ तास, सहावी ते आठवी रोज फार तर १ तास, अशी मर्यादा घातली. मर्यादा मला मान्य आहे, पण ती मुलाच्या वेळेची झाली. बाईंच्या वेळेचं काय? वर्गात ५० मुलं, एका वहीला दीड मिनिट धरलं तरी ७५ मिनिटं. दोन तासिका गेल्या. त्यात सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. मग न वाचता खूण होते. दोष बाईंचा कमी, कुणी वाचणार नाही एवढं लिहायला लावण्याचा जास्त.

तेव्हा गृहपाठ राहू दे, पण जेवढा वाचून होईल तेवढाच. चाळीस गणितांऐवजी चार. दहा वेळा एक वाक्य लिहिण्याऐवजी, आज आमटीत काय काय पडलं याच्या पाच ओळी, किंवा आजीच्या लहानपणी पाणी कुठून आणत ते तिला विचारून लिहिणं. आणि रोज पन्नास वह्यांवर खुणा करण्यापेक्षा रोज दहाच वह्या, पण शब्दन् शब्द वाचलेल्या. पाच दिवसांत वर्ग पुरा होतो. पालकांनी घरी बसून घोटीव कागद कापायचे ‘प्रकल्प’ मात्र खुशाल बंद करावेत. त्यांच्याबद्दल मला एक शब्दही खर्चायचा नाही.

पुढच्या पालकसभेला जाताना मुलाची गृहपाठाची वही बरोबर न्या. बरोबरची खूण असलेलं कुठलंही एक पान बाईंसमोर उघडा आणि दोघांनी मिळून ते वाचा.