यमपट आणि डेट्रॉइटचे विदूषक

बाणाच्या ‘हर्षचरिता’तील पाचव्या उच्छ्वासात पित्याच्या आजाराची वार्ता ऐकून हर्ष नगरात परततो, तेव्हा बाजाराच्या रस्त्यात त्याला एक यमपट्टिक दिसतो. डाव्या हातातील काठीवर ताणलेल्या पटावर महिषारूढ यम रंगविलेला आहे, दुसऱ्या हातातील काडीने तो परलोकातील एकेक दृश्य दाखवीत आहे आणि भोवती मुलांचा घोळका जमला आहे. ‘मुद्राराक्षसा’च्या पहिल्या अंकात चाणक्याचा हेर निपुणक हाच वेष घेऊन घरोघर हिंडतो. याचा अर्थ, मरणोत्तर न्यायाची कथा आपल्याकडे केवळ पोथीत नव्हती. ती पोटासाठी रस्त्यावर गाणाऱ्याच्या हाती होती, आणि तेथे ती कोणाला अपरिचित वाटत नव्हती.

परलोकवर्णनांच्या तौलनिक अभ्यासक्रमात गरुडपुराण, दांते आणि यमपट यांच्या शेजारी डेट्रॉइटच्या एका हिप-हॉप जोडीच्या ध्वनिमुद्रिका ठेवाव्यात, असे मी सुचविले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “यात वाङ्मय कोठे आहे?” प्रश्न उपहासाचा नव्हता. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘इन्सेन क्लाऊन पॉसी’ या नावाने विदूषकाचा रंग तोंडाला फासून गाणारे हे दोघे गरीब गोऱ्या घरांतून आलेले. त्यांचे शहर डेट्रॉइट. 1950 साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली या शहराची वस्ती 1990 पर्यंत सव्वादहा लाखांवर आली होती. 1992 साली ‘कार्निव्हल ऑफ कार्नेज’ ही त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्याबरोबर ‘डार्क कार्निव्हल’ची, म्हणजे मृतात्म्यांच्या काळोख्या जत्रेची, कल्पनाही पुढे आली. या जत्रेतून एकामागून एक सहा ‘जोकरचे पत्ते’ उघडावयाचे आणि सहावा उघडला की शेवट, असा संकेत ठरला. ‘रिंगमास्टर’ 1994 साली, ‘रिडल बॉक्स’ 1995 साली, ‘द ग्रेट मिलेंको’ 1997 साली, ‘द अमेझिंग जेकेल ब्रदर्स’ 1999 साली आले. सहावा पत्ता ‘द रेथ’ दोन भागांत आला: ‘शांग्री-ला’ 2002 साली आणि ‘हेल्स पिट’ 2004 साली. 2009 पासून त्यांनी पत्त्यांचा दुसरा जोड काढला. तो मला पहिल्याच्या तोडीचा वाटत नाही. त्यामुळे येथे त्याचा विचार करीत नाही.

या पुराणातील न्यायाची रीत पाहण्यासारखी आहे. रिंगमास्टर हा कोणी देव नव्हे. तो ज्याच्या त्याच्या पापांतून घडतो, आणि मृताला स्वतःच्या कृत्यांनीच उभ्या केलेल्या या पुरुषाला सामोरे जावे लागते. ‘रिडल बॉक्स’मध्ये मृतापुढे एक पेटी येते. तिची कळ त्यानेच फिरवायची. आतून जे उसळून वर येईल ती त्याची गती. जेकेल बंधू मृताच्या पापांचे रक्ताळलेले चेंडू झेलीत राहतात. एक भाऊ सरळ झेलतो, दुसरा मुद्दाम वाकडे फेकतो. चेंडू खाली पडला की आत्मा नरकात गेला. येथे चित्रगुप्त नाही, खतावणी नाही, साक्षीदार नाहीत. जत्रेतील खेळ हेच न्यायासन.

याहूनही महत्त्वाचे आहे ते या पुराणात नसलेले. गरुडपुराणातील प्रेताचा प्रवास मागे राहिलेल्यांच्या पिंडदानावर अवलंबून असतो. दांतेच्या शुद्धिलोकातील आत्मे जिवंतांच्या प्रार्थनेची याचना करतात. दोन्ही परंपरांत मृत आणि जिवंत यांच्यामध्ये कर्तव्याचा एक धागा टिकून राहतो. डेट्रॉइटच्या जत्रेत तो तुटलेला आहे. मृतासाठी कोणी काही करू शकत नाही. ना पुरोहित, ना पुत्र, ना पंथ. माणूस एकटा येतो आणि एकटा पेटीची कळ फिरवितो. हा परलोक अशा समाजाने कल्पिला आहे, ज्याचा ऐहिक संस्थांवरचा विश्वास आधीच उडालेला होता. श्रीमंताला, वंशद्वेष्ट्याला, बायकामुलांना मारणाऱ्याला न्यायालय शिक्षा देईल असे ज्याला वाटत नाही, तो ती शिक्षा जत्रेवर सोपवितो. या गाण्यांतील रक्तपाताचा बराचसा भाग नरकयातनांच्या वर्णनाचा आहे. कुंभीपाकाचे वर्णन वाचून कोणी पुराणकारावर खुनाचा संशय घेत नाही.

सगळाच रक्तपात मात्र या सबबीखाली झाकता येणार नाही. पुष्कळ गाणी निव्वळ अचकटविचकट आहेत. स्त्रियांविषयीची त्यांतील भाषा ऐकवत नाही, आणि तिचा कोणत्याही परलोकाशी संबंध नाही. पुराणाचा आडोसा घेऊन तिचे समर्थन करणाऱ्यांशी माझे जमणार नाही.

‘शांग्री-ला’च्या अखेरच्या गाण्यात गायकांनी जाहीर केले की ही जत्रा म्हणजे ईश्वरच. दहा वर्षे कोडे म्हणून सांभाळलेल्या गोष्टीचा असा उलगडा अनेक श्रोत्यांना फसवणूक वाटला. माझा आक्षेप वेगळा आहे. कवीने आपल्या रूपकाचा अर्थ स्वतः सांगितला की रूपकाचे निरूपण होते, आणि निरूपणाला जत्रा लागत नाही. परंतु लगेच दोन वर्षांनी आलेल्या ‘हेल्स पिट’ने ही चूक बरीचशी निस्तरली. दांते नरकातून स्वर्गाकडे नेतो. येथे स्वर्ग आधी आणि शेवटचा पडदा नरकावर. हा क्रम आपल्या वाचकांना नवा नाही. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर आधी स्वर्गात दुर्योधनाला विराजमान झालेला पाहतो आणि मग भावांच्या शोधात नरकात उतरतो. व्यास मात्र त्याला तेथे ठेवीत नाहीत. ती माया होती, असे इंद्र सांगतो. डेट्रॉइटच्या कवींजवळ असा इंद्र नाही. (त्यांच्या स्वर्गाचे नावही उसनेच: जेम्स हिल्टन या इंग्रज कादंबरीकाराने 1933 साली तिबेटच्या डोंगरांत कल्पिलेल्या दरीचे.)

मृतांसाठी तुटलेला धागा या श्रोत्यांनी इहलोकात जोडून घेतला. ते स्वतःला ‘जगलो’ म्हणवितात. मराठी कानाला हे क्रियापद वाटते. योगायोग खरा, पण अगदीच विसंगत नाही. 2000 सालापासून त्यांचे मेळावे भरतात, आणि एकमेकांना ते ‘कुटुंब’ म्हणतात. 2011 साली अमेरिकेच्या गुन्हे-अन्वेषण खात्याच्या टोळ्यांविषयीच्या अहवालात या कुटुंबाची नोंद सैलपणे संघटित टोळी अशी झाली. कुऱ्हाड घेऊन धावणाऱ्या माणसाचे चिन्ह अंगावर गोंदलेला साधा श्रोताही त्यामुळे पोलिसांच्या नजरेत संशयित ठरू लागला. 2014 साली गायक आणि काही श्रोते यांनी दावा लावला. 16 सप्टेंबर 2017 रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकापाशी ते मोर्चाने जमले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपील न्यायालयाने निर्णय दिला की असा अहवाल ही खात्याची अंतिम कृती नव्हे, म्हणून तिची न्यायालयीन तपासणी होऊ शकत नाही. नोंद जशीच्या तशी राहिली.

अहवाल लिहिणाऱ्यांनी टोळी खरोखर पाहिली असेल; काही जगलोंनी गुन्हे केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण एका वाङ्मयप्रकाराची खूणच त्यांनी पुराव्यात जमा केली. निपुणकाच्या पटाखाली हेर होता, म्हणून पाटलीपुत्रातील प्रत्येक यमपट्टिक हेर ठरत नाही. हा भेद करण्याचे काम पोलिसांचे नाही, हे मला मान्य आहे. ते आपले आहे, आणि ‘यात वाङ्मय कोठे आहे’ असे विचारून आपण ते टाळीत आलो आहोत.

सहकाऱ्यांशी माझी चर्चा अजून संपलेली नाही. येत्या सत्रात यमपटानंतरच्या आठवड्यात ‘रिडल बॉक्स’ ठेवले आहे. त्या तासाला येऊन बसण्याचे त्यांनी कबूल केले आहे.