ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की

पिंपळनेर-साक्रीच्या पट्ट्यात आता लग्नाच्या व्हिडिओत वरून घेतलेलं दृश्य हवंच असतं. वरात, मांडव, पलीकडे उन्हाळ कांद्याची शेतं आणि मागे सह्याद्रीच्या रांगा एका चौकटीत आल्या की दोन्हीकडचे वऱ्हाडी खूश. त्यामुळे फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या पोरांचा एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, "काका, शिकायला छोटा घेतला होता. आता मोठा घेऊन टाकू का?"

बहुतेकांना मी "अजून थांब" म्हणतो. पैशांपेक्षा मला काळजी वेगळीच असते. महाग ड्रोनमधल्या सोयी नवशिक्याचं कच्चेपण झाकून ठेवतात, आणि ते उघडं पडतं ते नेमकं माणसांच्या डोक्यावर.

2018 साली आलेल्या टेलो या छोट्या ड्रोनचं उदाहरण घ्या. वजन 80 ग्रॅम, एका बॅटरीवर फार तर 13 मिनिटं, पल्ला 100 मीटर. जीपीएस नाही. पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमीन बघत तो जागा धरून राहतो आणि वारा सुटला की वाहवत जातो. शिकायला तो चांगला, तो याचमुळे. वाहवत चाललेलं यंत्र परत कसं ओढायचं, हे बोटांना तिथेच कळतं. आणखी एक गोष्ट कळते. ड्रोनची पाठ आपल्याकडे असते तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. त्याचं तोंड आपल्याकडे वळलं की सगळं उलटतं. आपण रिमोटची काडी उजवीकडे दाबतो आणि तो आपल्या डावीकडे सरकतो. समोर झाड आलं की घाबरलेला हात हमखास चुकीच्या बाजूला जातो. हा गोंधळ कुठलाही महाग ड्रोन पुरता मिटवत नाही.

म्हणून मी पोरांना एक परीक्षा देतो. मोकळ्या मैदानात दोन दगड ठेवायचे आणि त्यांच्याभोवती 8 चा आकडा काढत ड्रोन फिरवायचा. उंची बदलायची नाही, मध्ये थांबायचं नाही. मग त्याचं तोंड आपल्याकडे करून तो हळूहळू जवळ आणायचा आणि कांद्याच्या रिकाम्या गोणीवर उतरवायचा. विचार न करता हे जमायला लागलं, की मोठ्या ड्रोनची गोष्ट काढायची.

"पण मोठा आपोआप परत येतो ना?" येतो. पण कसा येतो ते आधी समजून घ्या. जीपीएसने जी जागा उड्डाणाची म्हणून नोंदवली, तिथेच तो परतणार. घाईत उपग्रह सापडायच्या आत उडवला, तर ती नोंद चुकू शकते. परतीची उंची आपण ठरवून दिलेली असते, आणि ती मोजली जाते उड्डाणाच्या जागेपासून. पांझरेच्या काठावरून उडवलेला ड्रोन शेंदवडच्या बाजूच्या डोंगराकडे गेला, तर पडद्यावर 60 मीटर दिसत राहतात आणि खाली जमीन वर येत येत झाडाचा शेंडा गाठते. वाटेतल्या विजेच्या बारीक तारा कॅमेऱ्याला दिसतीलच असं नाही. ब्राह्मणवेलच्या बाजूला तर पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याची जागा बघूनच त्या तिथे आल्या. लाटीपाडा धरणावर पाण्याला लागून उडवायचा मोह सगळ्यांना होतो, पण हलत्या पाण्यावर पोटाखालचा कॅमेरा फसतो.

उन्हाळ्याची गोष्ट तर कुणी विचारतही नाही. बऱ्याच छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत 40 अंशांपर्यंतच उडवा असं लिहिलेलं असतं. खान्देशातली लग्नं एप्रिल-मेमधली, आणि पारा तेव्हा त्याच्याही वर असतो. दुपारची वरात असेल तर उडवू नका. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. पात्याची धार रोज नखाने चाचपा. बारीक खाच पडली असेल तर पातं बदला, नाहीतर चित्र थरथरतं. नव्या ड्रोनच्या आधी जास्तीच्या बॅटऱ्या आणि पाती घेतलेली मला जास्त पटतात.

हात तयार झाला आणि चित्र तरी अपुरं पडू लागलं, वाऱ्यात छोटा टिकेना, तर मोठा जरूर घ्यावा. पण तेव्हा कॅमेऱ्याआधी वजन आणि कागद बघा. ड्रोन नियम 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे 2 किलोपर्यंत हौसेसाठी लागत नाही, पण धंद्यासाठी लागतं, आणि पैसे घेऊन केलेलं लग्नाचं शूटिंग हा धंदाच. वय किमान 18, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, या त्याच्या अटी. ग्रीन झोनमध्ये उंचीची मर्यादा 400 फूट. शिवाय 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद, सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे कुणी स्वस्तात परदेशी मॉडेल दाखवलं, तर पक्कं बिल आणि नोंदणी क्रमांक मागा. ते नसेल तर निघून या. बिघडला तर दुरुस्तीला कुठे नेणार, हेही त्याच वेळी विचारा.

फवारणीच्या ड्रोनचा रस्ता वेगळा. तिथे वजन, औषध आणि शेजारच्याचं पीक अशी जबाबदारी वाढते, आणि बचत गटांच्या महिलांना नमो ड्रोन दीदी योजनेत 80 टक्के, कमाल 8 लाखांपर्यंत मदत मिळते. लग्नाच्या ड्रोनवर शिकून तिकडे उडी मारू नये.

गावाला सांगितल्याशिवाय उडवू नका, हेही मी आग्रहाने सांगतो. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनची एवढी अफवा उठली, की गावोगावी लोक जागरण करत होते. आपल्याकडे गावठाण मोजणीला ड्रोन येतो तेव्हा आधी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात, म्हणून वर काय फिरतंय हे लोकांना माहीत असतं. पोलीस पाटलाला एक फोन आणि शेजारच्या वस्तीवर निरोप, एवढं तरी करा.

यंदाच्या मोसमाचं काम आधीच घेऊन बसला असाल, तर प्रमाणपत्र असलेल्या पायलटला भाड्याने बोलवा आणि त्याच्या शेजारी उभं राहून तारा, पक्षी आणि गर्दी बघायचं काम स्वतःकडे घ्या. प्रशिक्षणाच्या फीसाठी पैसे तोवर बाजूला काढत राहा.