फोर्कलिफ्टची चावी कोणाच्या हाती?

व्यापारी व कारखानदार बंधूंनो, मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसी असो की सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील टॉवेल-चादरीचे कारखाने, फोर्कलिफ्ट ही आता आपल्याकडे नवलाईची वस्तू राहिलेली नाही. कापसाची एक गाठ साधारण १७० किलोची. ती हलवताना हमालांच्या कमरा जात. आज दोन टनी गाडी अशा अनेक गाठी एका खेपेत उचलते. सोय मोठी आहे, यात वाद नाही. वाद आहे तो ही गाडी आपण कोणाच्या हाती देतो आणि काम संपल्यावर कशी सोडतो, याविषयी.

दुपारच्या सुट्टीत कोणत्याही आवारात डोकावा. फोर्क कमरेइतके वर, गाडी दरवाजातच, चावी तशीच लटकलेली. जुम्याच्या दिवशी तर विचारूच नका. अजान झाली की चालक गाडी आहे तिथे सोडून वजू करायला निघतो. गाडी नीट उभी करायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्याने जमात चुकत नाही. मागे राहतो तो झाडलोट करणारा किंवा चहा आणणारा पोरगा. त्याला गाडी चालवून पाहण्याची हौस असते आणि चावी समोरच असते. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग आपल्याच गोदामाच्या वाटेत दोन लोखंडी दाते रोखून गाडी उभी राहते, तेव्हा ती शिकवण कुठे जाते?

गाडी उभी करण्याची रीत अवघड नाही. जागा सपाट हवी. फोर्क पूर्ण खाली टेकवावेत आणि मास्ट थोडा पुढे झुकवावा, म्हणजे फोर्कची टोकेही जमिनीला लागतात व कोणाचा पाय अडकत नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चावी काढलेली. गॅसवर चालणारी गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करावा. उतारावर उभी करणे टाळावे. इलाजच नसेल तर चाकांना पाचर लावावी. दरवाजा, जिना, विजेचा बोर्ड आणि आग विझवण्याचे सिलिंडर यांच्यापुढे गाडी कधीही लावू नये. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. त्या आगीचा विषय निराळा आहे. पण सूत आणि टॉवेल किती झपाट्याने पेटतात हे साऱ्या सोलापूरने पाहिले. अशा ठिकाणी बाहेर पडण्याची वाट एक मिनिटही अडवून ठेवता येत नाही.

आता चालवण्याविषयी. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिची शेपटी बाहेर फिरते आणि बाजूला उभा असलेला माणूस भिंतीशी चिरडतो. जीप-ट्रॅक्टर चालवता येतो म्हणून हीही येईल, हा समज इथेच खोटा ठरतो. माल नेताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर असावेत. माल उंच धरून वळले की गाडी कलंडते. आपल्या टॉवेलच्या खोक्यांचे वजन कमी, पण ढीग उंच. चालकाला पुढचे काही दिसत नाही. तेव्हा गाडी उलटी, मागे पाहत चालवावी. मात्र चढावर माल नेहमी वरच्या बाजूला हवा. पुढचे दिसत नसेल तर वाट दाखवायला एक माणूस ठेवावा. रिकामी गाडी असेल तर याच्या उलट, फोर्क उताराकडे. लॉरीत शिरण्यापूर्वी लॉरीच्या चाकांना पाचर लावलेली आहे ना, हे उतरून पाहावे. आणि गाडी कलंडू लागली तर उडी मारू नये. पट्टा बांधलेला ठेवून, स्टिअरिंग घट्ट धरून, कलंडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे. उडी मारणारा बहुधा गाडीखालीच सापडतो. फोर्कवर माणूस चढवून वरचा माल काढण्याची जी पद्धत आहे, ती तर आजच बंद केली पाहिजे.

अपघात झाला की आपल्याकडे ‘तकदीर’ म्हणून विषय मिटतो. मजदुराच्या घरी चार पैसे पोचवले जातात, मालक जनाज्याला खांदा देतो आणि आठवड्याने त्याच गाडीवर दुसरा पोरगा बसतो. तकदीरवर माझाही ईमान आहे. पण हँडब्रेक न ओढणे ही तकदीर नव्हे, गफलत आहे, आणि तिची जिम्मेदारी चालकाइतकीच चावी देणाऱ्यावर येते. कामावर आलेला माणूस संध्याकाळपर्यंत आपल्याकडे अमानत असतो.

सरकारी तपासनीस येऊन हे पाहील, अशी आशा छोट्या कारखानदारांनी धरू नये. १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांपासून कायदा लागू होत असे. पुढे ती संख्या २० वर गेली. आपले कितीतरी कारखाने त्याच्या खालीच बसतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास गाडीला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. ही सवलत फाटकाच्या आतली आहे. तीच फोर्कलिफ्ट रस्ता ओलांडून समोरच्या गोदामात नेली आणि कोणाला लागले, तर नोंदणी, विमा, लायसन्स असे सगळे प्रश्न मालकाच्या दारात येतात.

खर्चाचे म्हणाल तर तो मामुली आहे. लाकडाच्या चार पाचरी कोणताही सुतार करून देईल. गाडी ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडेच चालकाच्या शिक्षणाची विचारणा करावी. खरेदीच्या वेळी भावाची घासाघीस करतो तेव्हाच ही अटही घालावी. अठरा वर्षांखालील कोणालाही त्या सीटवर बसू देऊ नये. चावी मुनीमजींच्या गल्ल्यात राहावी आणि शिकलेल्या चालकालाच मिळावी. तो रजेवर असेल त्या दिवशी हातगाडीने जेवढा माल निघेल तेवढा काढावा, बाकीचा उद्या जाईल असे पार्टीला कळवून टाकावे.