कुत्र्याला लेझर द्यायचा का? आधी तो का लंगडतो ते शोधा!

"डॉक्टर, तुमच्याकडे लेझर आहे का? आमचा लॅब्रेडॉर हल्ली जिना चढताना थांबतो. सोसायटीतल्या एकांच्या कुत्र्याला लेझरने खूप फरक पडला म्हणे."

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस... या भागातून येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न मी आता नेहमी ऐकतो. (हो, पालकच! 'मालक' म्हटलेलं आता कोणाला आवडत नाही.) माझं उत्तर थोडक्यात असं: लेझर वाईट नाही, पण तो पहिला उपाय नाही. असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

कोल्ड लेझर म्हणजे नेमकं काय?

ऑपरेशनमध्ये वापरतात तो लेझर ऊतक कापतो किंवा जाळतो. कोल्ड लेझर तसं काही करत नाही. लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ठरावीक प्रमाणात दुखऱ्या भागावर सोडला जातो. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया हा प्रकाश शोषतात. त्यामुळे सूज आणि वेदना कमी व्हायला आणि जखम भरायला मदत होते, असं मानलं जातं.

याचा शोध तसा अपघातानेच लागला. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या डॉ. एन्द्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांवर सौम्य लेझर वापरला, तर त्या जागी केस लवकर उगवले! पुढे माणसांमध्ये त्याचा अभ्यास वाढला. कॅन्सरच्या उपचारांमुळे तोंड सोलवटतं, ते टाळण्यासाठी आज हा प्रकाश वापरला जातो. म्हणजे ही काही जादूटोण्याची गोष्ट नाही.

मग कुत्र्यांमध्ये उपयोग होतो का?

इथे उत्तर 'कधी हो, कधी नाही' असं आहे. २०१२ मध्ये मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन झालेल्या ३६ कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेझर दिलेले कुत्रे साधारण साडेतीन दिवसांत चालू लागले, न दिलेल्यांना १४ दिवस लागले. वाचून आम्ही सगळेच खूश झालो. पण २०१७ मध्ये तशाच ऑपरेशननंतरच्या ३२ कुत्र्यांवर दुसरा अभ्यास झाला, त्यात असा फरक दिसला नाही. कोपराच्या संधिवातावर एका छोट्या अभ्यासात चांगला गुण आला आहे. म्हणजे आशा आहे, पण पक्की खात्री देता येत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. प्लासिबोचा परिणाम कुत्र्यावर होत नसेल, पण तुमच्या-माझ्यावर नक्की होतो! नुसती खोटी गोळी दिलेल्या कुत्र्यांचीही चाल सुधारली, असं अनेक पालकांना आणि डॉक्टरांनाही वाटतं. पायावरचा भार मोजणारं यंत्र मात्र काहीच फरक नाही म्हणतं. आपला जीव त्याच्यात अडकलेला असतो, वर पैसेही खर्च झालेले असतात. बरं वाटायला हवं म्हणून ते वाटतं.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एक सात वर्षांचा रॉटवायलर माझ्याकडे आला. पुढच्या पायाने थोडा लंगडत होता. मनगटाच्या वर हात लावला की पाय ओढून घ्यायचा. मी 'मुरगळला असेल' म्हणालो आणि लेझर सुरू केला. पहिल्या आठवड्यात घरच्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. तिसऱ्या आठवड्यात सूज दिसली, तेव्हा कुठे एक्स-रे काढला. हाडाचा कॅन्सर होता.

पहिल्याच दिवशी कळलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. हा आजार फार वाईट आहे. पण ते तीन आठवडे त्याला नीट वेदनाशामक मिळालं नाही आणि घरच्यांना निर्णय घ्यायला तेवढा वेळ कमी मिळाला. शिवाय गाठीवर लेझर देऊच नये, हा साधा नियम माझ्याकडून मोडला गेला. त्या दिवसापासून निदान झाल्याशिवाय मी लेझरला हात लावत नाही.

लंगडण्याची कारणं अनेक असतात. संधिवात, हिप डिसप्लेसिया, गुडघ्याचा तुटलेला लिगामेंट, मणक्याचा त्रास, आणि गोचिडांमुळे होणारा टिक फीव्हरसुद्धा! टिक फीव्हरमध्ये सांधे दुखतात, तिथे रक्ततपासणी आणि औषध लागतं. लेझरने तो बरा होणार नाही.

आधी घरात बघा

- वजन: लठ्ठ, संधिवात असलेल्या कुत्र्यांचं वजन ६ टक्क्यांच्या आसपास उतरलं, तरी लंगडणं कमी झाल्याचं २०१० च्या एका अभ्यासात दिसलं. ३५ किलोच्या लॅब्रेडॉरसाठी हे साधारण २ किलो होतात. चहाबरोबरची बिस्किटं आधी बंद करा.
- फरशी: आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्याचे शत्रू आहेत. त्याच्या वावरायच्या वाटेवर न सरकणारी चटई किंवा जुनी योगा मॅट टाका.
- व्यायाम: रविवारी एकदम तासभर पळवण्यापेक्षा रोज दोनदा १५-२० मिनिटं सावकाश चालवा.
- वेदनाशामक: डॉक्टरांनी लिहून दिलेलंच द्या. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपलं दुखण्यावरचं मलमही लावू नका, तो ते चाटतो.

लेझर घ्यायचाच असेल तर

निदान झालंय, वरच्या गोष्टी सुरू आहेत आणि त्याच्या जोडीला लेझर हवा असेल, तर जरूर घ्या. वय झालेल्या, मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असलेल्या कुत्र्याला वेदनाशामकं बेतानेच द्यावी लागतात, तिथे तो विचारात घेण्यासारखा आहे. फक्त आधी हे प्रश्न विचारा:

१. निदान काय आहे? एक्स-रे किंवा रक्ततपासणी लागणार आहे का?
२. डोस किती आणि तो कसा ठरवला? दाट केस प्रकाश अडवतात. काळ्या केसांत आणि कातडीत तो जास्त शोषला जातो, त्यामुळे जास्त शक्तीच्या यंत्राने चटका बसू शकतो. नाव 'कोल्ड' असलं तरी!
३. डोळ्यांची काळजी काय? खोलीतल्या प्रत्येकाला गॉगल हवा. कुत्र्याचेही डोळे झाकायला हवेत.
४. फरक पडला नाही तर कधी थांबायचं?

शेवटच्या प्रश्नासाठी एक सोपी युक्ती. सुरू करण्याआधी त्याचा जिना चढतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. दर आठवड्याला त्याच जिन्यावर, त्याच वेळी पुन्हा घ्या. महिन्याने ते व्हिडिओ क्रम न सांगता शेजाऱ्यांना दाखवा. त्यांना फरक ओळखता आला नाही, तर थांबा. वीस सेशनचं पॅकेज आगाऊ विकत घेऊ नका. आणि ऑनलाइन मिळणारे लाल दिव्याचे स्वस्त पट्टे? त्यातून नेमका किती प्रकाश सांध्यापर्यंत पोचतो, हे कळायला मार्ग नसतो. त्या पैशांत एक्स-रे काढा.

आपल्याला दुखलं की आपण सांगतो. तो फक्त जिन्यापाशी थांबतो आणि आपल्याकडे बघतो. तो का थांबला हे शोधणं आपलं पहिलं काम, लेझरचा नंबर त्यानंतर.