मुलांचा अभ्यास : चार ठिपक्यांचं कोडं

माजलगावच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. मुलगा पाचवीत आहे, नवोदयच्या परीक्षेला बसणार आहे. (बीड जिल्ह्याचं नवोदय विद्यालय गेवराई तालुक्यात गढीला आहे.) बाईंनी सरावासाठी विचारलं, ‘बीडला बिंदुसरा, तर नांदेडला काय?’ पोरगा म्हणाला, ‘गुरुद्वारा!’ बाईंनी पाठीत धपाटा घातला. शेवटी लिहितात, ‘मीच सातवी शिकलेली, मी त्याला काय शिकवणार?’

अहो, धपाटे ताटात वाढायचे, पाठीत नव्हे! पोरगा ढ नाही. नांदेड म्हटलं की आपल्यालाही आधी गुरुद्वाराच आठवतो. बीड आणि बिंदुसरा यांना बांधणारा धागा तेवढा त्यानं पाहिला नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. तो काढून दाखवायचा.

रांगोळीचे ठिपके तुम्हाला रोजचेच. पाटीवर चार ठिपके काढा, दोन वर, दोन खाली. वर ‘बीड’ नि ‘बिंदुसरा’, खाली ‘नांदेड’, चौथा मोकळा. वरचे दोन रेघेनं जोडा आणि रेघेवर काय लिहायचं ते मुलालाच विचारा. नुसतं ‘नदी’ म्हणाला तर सोडू नका. ‘हे गाव या नदीच्या काठी आहे’ असं पुरतं वाक्य वदवून घ्या. तेच वाक्य खालच्या रेघेवर लिहा. आता गुरुद्वारा तिथं बसतच नाही, गोदावरी आपसूक येते. मग उभ्या रेघा ओढा. गावाखाली गाव, नदीखाली नदी आली ना? ही उभी रेघ ताळा पाहण्यासारखी आहे बरं का.

आणि रेघेला बाण हवा. ‘सुतार–रंधा’ यांच्याखाली ‘वस्तरा–न्हावी’ लिहिलं, तर संबंध तोच पण उलटा झाला. इथं मुलं हमखास फसतात.

नवोदयच्या पेपरात हे आकृत्यांतून येतं; ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे, त्यांत ४ असे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत शब्द, अंक, आकृत्या सगळंच असतं. रीत तीच. वरची आकृती फिरली, की अर्धी काळी झाली, ते रेघेवर लिहायचं.

यात सातवीचं शिक्षण कुठं आडवं येतं? भाजी निवडता निवडता विचारा, ‘कापसाची सरकी, तशी आंब्याची काय?’ ‘ऊसतोडीला कोयता, तशी पेरणीला काय?’ मग एखादं कोडं त्यालाही घालू द्या. तुमचं चुकलं तर रेघ त्यानं काढायची.